आवाज थोडा मोठा हवा

माझ्या हुद्द्याचं नाव होतं 'अध्यापकाचार्य'. पगारपत्रकाबाहेर हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. सासूबाईंनी एकदा विचारलं, "अगं, पण तू नक्की करतेस तरी काय?" मी म्हटलं, "मास्तर होऊ घातलेल्या पोरांना मास्तरकी शिकवते." त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "शिकवायला लागते होय? आमच्या वेळी ती अंगातच असायची." तेव्हा मला राग आला होता. आता निवृत्त होऊन घरी बसल्यावर वाटतं, म्हातारीचं बरोबर होतं. मास्तरकी अंगातच असते, आणि आम्ही ती शिकवून शिकवून घालवतो.

नाशिकच्या एका डी.एड. कॉलेजात माझी सगळी नोकरी गेली. बारावी झालेली मुलंमुली दोन वर्षांसाठी आमच्याकडे यायची, पेठ-सुरगाण्यापासून नांदगावपर्यंत सगळ्या तालुक्यांतली. नव्वदच्या दशकात पोरगं डी.एड.ला लागलं म्हणजे गंगेत घोडं न्हालं, असा काळ होता. पोरगा मास्तर व्हायच्या आधीच त्याला मुली सांगून यायच्या.

शिकवणं काही पुस्तकातून येत नाही, म्हणून सराव पाठ असायचे. जवळच्या प्राथमिक शाळेत जाऊन आमच्या विद्यार्थ्यानं खऱ्याखुऱ्या पोरांसमोर उभं राहून धडा शिकवायचा. त्याच्या गटातल्या बाकीच्यांनी पाठीमागे बसून त्याचा पाठ बघायचा. तिसरीच्या बाकावर वीस वर्षांचा माणूस बसला की गुडघे हनुवटीला लागतात, पण बसायचं. फळ्यावरचं अक्षर कसं आहे, प्रश्न कसे विचारले, पोरं बोलली का, ते सगळं टिपायचं. मग मैदानातल्या बदामाच्या झाडाखाली गोल करून चर्चा. एकेकानं उठून आधी एक चांगली गोष्ट सांगायची, मग एक उणीव. ज्याचा पाठ झाला त्यानं मान खाली घालून ऐकायचं, उलट बोलायचं नाही. हा नियम कुणी केला ठाऊक नाही, माझ्या आधीपासून होता.

पाठ बघायला शिकला तो अर्धा शिक्षक झाला, असं मी दर वर्षी पहिल्या दिवशी सांगायचे. ते खोटं आहे असं मला आजही वाटत नाही. पाठ बघण्यात माझा हात धरणारं आमच्या कॉलेजात कुणी नव्हतं, हे आता निवृत्त झाल्यामुळे निर्लज्जपणे सांगून टाकते. पोरांच्या नुसत्या माना बघून मी पाठ कुठं बसला आणि कुठं पडला ते सांगायचे.

पण आमचे विद्यार्थी माझ्याहून हुशार. आज मी तुझा पाठ तपासणार, उद्या तू माझा. मग कोण कशाला उगाच दुसऱ्याच्या शेपटीवर पाय देतो? त्यांनी एक बिनविषारी उणीव शोधून काढली होती आणि ती एका वर्गाकडून पुढच्या वर्गाकडे वारसाहक्कानं जायची. 'आवाज थोडा मोठा हवा.' बास. कुणाचाही पाठ असो, कसाही होवो, उणीव एकच. यात कुणाचा अपमान नाही, कुणाचे गुण जात नाहीत, आणि संध्याकाळी मेसमध्ये एका ताटाला बसायला कुणाला अवघड जात नाही.

पिंपळगाव बसवंतचा एक मुलगा होता. त्याचे वडील कांद्याच्या लिलावात बोली पुकारायचे आणि तो घसा जसाच्या तसा पोराकडे आला होता. त्यानं पहिलीच्या वर्गात 'नमस्ते मुलांनो' म्हटलं आणि पुढच्या बाकावरची एक चिमुरडी रडायलाच लागली. चर्चेत पहिली मुलगी उठली आणि गंभीरपणे म्हणाली, "आवाज थोडा मोठा हवा."

मी म्हटलं, "अगं बाई, याचा आवाज बाहेरच्या रिक्षा स्टँडवर गेला! आणखी किती मोठा हवाय तुला?"

ती जरा लाजली. म्हणाली, "मॅडम, काहीतरी सांगावं लागतं ना. आणि उद्या माझा पाठ आहे."

हसण्यावारी न्यावं असंच होतं ते. पण मी ठरले तोंडाळ. स्टाफरूममध्ये मी सारखी यावरच बोलायचे, की ही पोरं एकमेकांचं काही बघतच नाहीत, नुसती एकमेकांची पाठ खाजवतात. ते आमच्या प्राचार्यांच्या कानावर जायचं.

आता भोयेबद्दल सांगते, कारण हे सगळं लिहायला बसले ते त्याच्यासाठीच.

यशवंत भोये सुरगाण्याकडचा, कोकणा आदिवासी घरातला. काळासावळा, बारीक चणीचा, कॉलेजात फारसा कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा. पहिल्या वर्षी आमचं शिबिर पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावर होतं. तिथल्या शाळेत खैरनारचा पाठ होता. खैरनार आमच्या गटाचा प्रमुख, सटाण्याकडचा, हुशार, टापटिपीचा. शर्टाच्या बाहीची घडी कधी मोडायची नाही. विषय होता पाणी. त्यानं चित्रं लावली, गाणं म्हटलं, मग शुद्ध, स्वच्छ मराठीत विचारलं, "सांगा पाहू मुलांनो, आपल्याला पाणी कुठे कुठे मिळते?"

वर्ग चिडीचूप. परत विचारलं. पोरं त्याच्या तोंडाकडे बघताहेत आणि डोळ्यांत काही नाही. तिसऱ्यांदा विचारताना खैरनारच्या कपाळावर घाम आला. तेवढ्यात मागून, आमच्या बाकावरून, कुणीतरी अगदी सहज म्हणालं, "पानी कठ कठ आहा रं?"

आणि वर्ग फुटला! "हीरमा!" "झिरामा!" विहिरीत, झऱ्यात, एकावर एक उत्तरं. एक परकरी पोर तर उठून मागं आली आणि भोयेचं बोट धरून त्याला बाहेर ओढायला लागली. तिला त्याला त्यांची विहीर दाखवायची होती.

भोये कावराबावरा झाला. मला म्हणाला, "सॉरी मॅडम. आमचंच बोलणं हाय ते. चुकून तोंडातून गेलं."

चुकून! माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत पोरांचे चेहरे असे उजळलेले मी पाहिले नव्हते आणि हा माफी मागत होता. शिबिरात नंतर भाकरी खाताना मी त्याला विचारलं, तुला कुठं नोकरी हवी रे? तो म्हणाला, "आमच्याच भागात, मॅडम. आमच्याकडं मास्तर बोलतो ते पोरांना कळत नाय, पोरं बोलतात ते मास्तरला कळत नाय. मी चौथीपर्यंत नुसतं 'हो सर' म्हणत गेलो. काय विचारलं ते माहीत नसायचं, तरी 'हो सर'."

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, हे पोर जपायचं. बाकी गटाचं काय व्हायचं ते होवो, पण त्या डोंगरातल्या पोरांना त्यांच्या बोलीत हाक मारणारा एक तरी मास्तर आपल्या हातून गेला पाहिजे. इतकं साधं मागणं होतं माझं.

दुसऱ्या वर्षी प्राचार्य पुण्याहून कसलासा उद्बोधन वर्ग करून आले आणि येताना 'सहाध्यायी मूल्यमापन' हा शब्द घेऊन आले. म्हणजे तेच, विद्यार्थ्यानं विद्यार्थ्याला तपासायचं. फरक एवढाच, की आता त्याचे गुण धरले जाणार होते. आणि वर एक नियम: प्रत्येकानं दुसऱ्याची एक तरी खरी उणीव दाखवलीच पाहिजे. 'आवाज थोडा मोठा हवा' चालणार नाही. जो खरी उणीव दाखवणार नाही त्याचे स्वतःचे गुण जातील.

मी केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "सर, नियम करून कुठं खरेपणा येतो का?"

सर हसले. म्हणाले, "कमाल आहे मॅडम! इतकी वर्षं तुम्हीच तर ओरडत होतात." कपाळ!

बदामाखाली पहिले काही दिवस सगळे गप्प गप्प होते. पिंपळगावच्या त्या पोराला कुणी सांगेना की तू पोरांच्या अंगावर ओरडतोस, कारण त्याचे मित्र फार. एका मुलीचं गणित कच्चं होतं, पण तिचा मामा आमच्या संस्थेत कारकून होता. खैरनार स्वतः प्रश्न विचारून स्वतःच उत्तर द्यायचा, पण सगळ्यांच्या पाठाची चित्रं तोच काढून द्यायचा, त्याला कोण बोलणार? खरी उणीव तर दाखवायची आहे, आणि दुखवायचं तर कुणालाच नाही. अशा वेळी माणसं काय करतात, ते मी त्या वर्षी बघितलं. ज्याला दुखवून आपलं काही बिघडत नाही असा एक माणूस ती शोधून काढतात. आणि मग सगळ्यांचा खरेपणा त्याच्याच वाट्याला येतो.

भोयेचा तो पाठ मला आजही समोर दिसतो. सातपूरकडची शाळा, कारखान्यांत कामाला आलेल्या लोकांची पोरं. तिसरीचा वर्ग, धडा बाजाराचा. चित्र दाखवताना त्याच्या तोंडून गेलं, "आता अठ बघा." पोरं फिस्सकन हसली. "सर अठ म्हणाले, अठ!" दुसरा कुणी असता तर लाजून मेला असता. भोये पोरांबरोबर हसला. म्हणाला, "आमच्या घरी 'इथं'ला अठ म्हणतात. तुमच्या घरी काय म्हणतात?" एक पोरगं ओरडलं, "इधर!" एक म्हणालं, "हितं!" आणि एक शेंबडी पोर, बापाबरोबर खानदेशातून आलेली, वर्षभर जिनं तोंड उघडलं नव्हतं असं वर्गशिक्षिकेनं नंतर सांगितलं, ती हळूच म्हणाली, "आठे." भोयेनं फळ्यावर ते सगळे शब्द लिहिले आणि म्हणाला, "बघा, बाजारात सगळे आले." असा पाठ मला स्वतःला कधी जमला नसता.

चर्चेत खैरनार आधी उठला. "चांगली गोष्ट, मुलांचा सहभाग. उणीव, उच्चार अशुद्ध. प्रमाण भाषेचा अभाव."

दुसरी उठली. "उच्चार अशुद्ध." तिसरा. चौथी. लिलाववाल्याचा पोरगासुद्धा, खालच्या आवाजात, "उच्चार अशुद्ध." सगळ्यांना आपापली खरी उणीव मिळाली होती, चेहऱ्यांवर कशी सुटका दिसत होती. भोये मान खाली घालून ऐकत होता. नियमच होता तसा.

माझा तोल सुटला. खैरनार गेटबाहेरच्या एसटीडी बूथवरून दर रविवारी घरी फोन करायचा, तो मी ऐकला होता. "माय, बरी शे ना तू?" अहिराणीत बोलताना हा पोरगा किती गोड वाटायचा! मी भर चर्चेत म्हटलं, "का रे, ती मुलगी 'आठे' म्हणाली, ते तुझ्याच घरचं ना? तू तुझ्या आईशी फोनवर काय शुद्ध बोलतोस?"

तो लालभडक झाला. पण खाली बसला नाही. म्हणाला, "मॅडम, मी ते वर्गात आणत नाही ना. ते सोडायलाच तर आम्ही इथं आलो."

मी म्हटलं, "आजचा पाठ या वर्षातला सगळ्यांत चांगला पाठ होता." सगळ्यांनी ऐकून घेतलं. मॅडमचा भोयेवर जीव आहे, एवढंच त्यांना त्यातून कळलं. मी तोंड घातल्यामुळे उलट झालं असं की पुढच्या पाठाला सगळे त्याच्या तोंडाकडेच कान लावून बसले. एक 'न' जरी चुकला तरी पेनं हलायची.

खैरनारला मी दुष्ट म्हणणार नाही. त्या चर्चेनंतर रोज सकाळी होस्टेलच्या पायरीवर बसून तो भोयेकडून उच्चार घोटून घ्यायचा. कुठे. इथे. पाणी, पानी नव्हे. मी जाता-येता बघायचे. एकानं आपली जीभ सोलून काढली होती आणि आता दुसऱ्याची सोलायला तो प्रेमानं मदत करत होता. हे बघून मला रडावं की ओरडावं तेच कळायचं नाही.

मी भोयेला बाजूला घेतलं. म्हटलं, "अरे, पाड्यावर बोललास तसा बोल ना. तुझ्यासारखा पाठ कुणाला येत नाही यांच्यात."

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. मग म्हणाला, "मॅडम, तसं तुम्ही एकट्या म्हणता. ते सगळे म्हणतात. सगळे कसे चुकतील?"

मी तशीच प्राचार्यांकडे परत गेले, गुणांचा नियम काढा म्हटलं. ते म्हणाले, उलट बघा, भोयेची भाषा किती सुधारली!

सुधारली खरीच. वर्षाखेरीचा त्याचा पाठ अगदी निर्दोष झाला. 'कुठे' म्हणजे 'कुठे'. एकेक शब्द तोलून, खाली बघून, जणू ताटातले खडे निवडतोय. पोरं जांभया देत होती. मी त्यांच्या माना बघत होते आणि मला माझ्या कसबाचा पहिल्यांदाच वीट आला. बदामाखाली सगळ्यांनी उठून कौतुक केलं. उच्चार उत्तम, भाषा शुद्ध. आणि उणीव सांगायची वेळ आली तेव्हा खैरनार जरा घुटमळला आणि म्हणाला, "आवाज थोडा मोठा हवा." कुणी हसलं नाही. इतक्या वर्षांत ते वाक्य पहिल्यांदाच खरं होतं. भोयेचा आवाज दुसऱ्या बाकापलीकडे जात नव्हता.

चांगले गुण मिळवून तो गेला. नोकरीही त्याच्या मनासारखी लागली, त्याच्याच भागात.

बऱ्याच वर्षांनी, माझी निवृत्ती जवळ आली असताना, शिक्षकांच्या एका प्रशिक्षणासाठी मला तिकडं जायचं होतं. कोटंबी घाट चढताना माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, फक्त भोये. वाटत होतं, तिथं कुठला खैरनार आणि कुठला बदाम? आपल्या पोरांत गेल्यावर सुटली असेल त्याची जीभ. काम आटोपल्यावर जीप करून मुद्दाम त्याच्या पाड्यावर गेले.

शाळा नुसती आरशासारखी स्वच्छ. दारात बुटांच्या, म्हणजे खरं तर स्लिपरांच्या रांगा. भोये धावत आला, वाकून नमस्कार केला. अंगानं भरला होता, केस मागे सरले होते. बायकोनं कोरा चहा आणून दिला. म्हणाला, "मॅडम, माझा वर्ग बघायचाच. तुम्ही शिकवलेली पद्धत सोडली नाही मी."

मी पाठीमागे जाऊन बसले, सवयीनं. वर्ग चुणचुणीत होता, पोरं जोड्या-जोड्यांनी बसली होती. तो हळू आवाजात म्हणाला, "आज आपल्याकडे पाहुण्या आल्या आहेत. त्यांना कोण प्रश्न विचारेल?" एक छोटी पोर उठली. दोन वेण्या, लाल रिबिनी, डोळे कसे टपोरे. माझ्याकडे बघून खुदकन हसली आणि तिनं विचारलं, "तुम्ही कठून आल्या?"

"अशुद्ध!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. मोठ्या आनंदात, पाढा म्हटल्यासारखा. तिच्या शेजारची, तिची जोडीदारीण, ताठ उभी राहिली. "चांगली गोष्ट, प्रश्न विचारला. उणीव, उच्चार अशुद्ध. 'कुठून' असे म्हणावे."

दोन वेण्यांच्या पोरीनं मान खाली घातली. मी म्हटलं, "नाशिकहून आले गं, बाळा, नाशिकहून." पण तिनं परत वर पाहिलं नाही. मी तिथं होते तोवर पाहिलं नाही.

भोये माझ्या बाकाशी येऊन वाकला. त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता, आणि माया होती. तीच तर बघवत नव्हती. म्हणाला, "पहिलीपासून सवय लावली आहे मॅडम. मी काही बोलत नाही, तेच एकमेकांचं तपासतात. पुढे मोठ्या शाळेत कुणी यांना हसायला नको."

मला ओरडून सांगायचं होतं, अरे, ती पोर हसत होती रे! आत्ता, इथं, ती हसत होती. पण कुणाला सांगणार होते? तोही चुकला नव्हता. ज्यानं मान खाली घालून ऐकलं होतं तो आपल्या पोरांना त्यातून वाचवत होता, त्याला ठाऊक होता तेवढ्या एकाच मार्गानं.

शाळा सुटली. जीपवाला हॉर्न वाजवत होता. भोये जीपपर्यंत आला आणि माझी पिशवी हातातून सोडेना. "मॅडम, एक राहिलं. माझ्या पाठातली एक तरी उणीव सांगा. खरी सांगा. त्याशिवाय जाऊ देणार नाही."

मी त्याच्याकडे पाहिलं. मागे पोरं गोळा झाली होती, कान टवकारून. लाल रिबिनी त्यात कुठं दिसतात का, मी शोधलं. दिसल्या नाहीत.

"आवाज थोडा मोठा हवा," मी म्हटलं.

त्यानं गंभीरपणे मान हलवली. "हो मॅडम," तो म्हणाला, "तेवढं राहूनच गेलं माझं." आणि पिशवी जीपमध्ये नीट ठेवली.